सगळ्यातच विष, मग पोराला घालू काय?

"मॅडम, सगळ्यातच विष आहे. मग पोराला खायला घालू तरी काय?"

हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या जणींनी विचारलाय, की समोरची बाई वाक्य सुरू करते तेव्हाच मला त्याचा शेवट ठाऊक असतो. विचारणाऱ्या बहुतेक तरुण आया. मूल लहान, पगार बेताचा आणि हातात फोन. ऑरगॅनिक परवडत नाही, साधं घालायला मन धजत नाही. सुखवस्तू घरातल्या आयाही येतात, पण त्या पैसे टाकून भीतीला थोडा वेळ तरी गप्प करू शकतात. ज्यांना ते जमण्यासारखं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गोष्ट एकीची सांगते. तिच्यात आणखी दोघी-तिघी मिसळल्या आहेत, आणि नावं अर्थातच बदलली आहेत.

वैशाली नाशिकच्या सातपूर भागात दोन खोल्यांत राहते. नवरा, सासूबाई, साडेतीन वर्षांचा मुलगा. ती घरी ब्लाउज शिवते. मुलाचं वजन वाढेना म्हणून अंगणवाडीच्या ताईंनी आधी मुलाला दवाखान्यात आणि मग आईला माझ्याकडे पाठवलं. कारण मूल जेवत नव्हतं असं नाही, आई घालत नव्हती.

ती आली ती वही घेऊनच. डाव्या पानावर मोठ्या अक्षरात 'बंद'.

"काय काय बंद केलंत?"

"पाव, बिस्किटं. सफरचंद, मेण लावतात म्हणून. पालेभाजी, फवारणी असते. दूध, इंजेक्शन देतात म्हशींना. टूथपेस्ट. मायक्रोवेव्ह."

"मायक्रोवेव्ह आहे घरी?"

"नाही." तिला स्वतःलाच जरा हसू आलं. "पण लिहून ठेवलं."

"आणि चालू काय राहिलं?"

ती थांबली. "वरण-भात. गूळ. तो पण काळाच आणते, महाग पडतो."

त्या महिन्यात भिशीचा नंबर लागला होता. त्या पैशांतून गाळण-यंत्र घ्यायचं की 'विषमुक्त' किराण्याचा वर्षभराचा हप्ता भरायचा, यावरून घरात तीन दिवस अबोला होता. सासूबाईंचं म्हणणं एकच: "आम्ही काय विष खाऊन मोठे झालो का?"

मी विवेकनिष्ठ विचारसरणीत तयार झालेली समुपदेशक आहे. या विचारसरणीचा जनक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस सांगायचा, प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलची आपली समजूत आपल्याला जास्त छळते, आणि इतक्या वर्षांत मला ते पदोपदी पटत आलंय. पण म्हणून 'तुमची भीती अविवेकी आहे' असं पहिल्याच भेटीत तोंडावर मारणाऱ्यांतली मी नाही. शिवाय वैशालीच्या वहीतलं सगळं खोटं कुठे होतं? पावात पोटॅशियम ब्रोमेट, म्हणजे पीठ फुलवायचं एक रसायन, वापरलं जात होतंच, दिल्लीच्या एका संस्थेनं तपासणी जाहीर केल्यावर २०१६ मध्ये त्यावर बंदी आली. कार्बाइडनं फळं पिकवायला मनाई आहे, तरी ती पिकवली जातात. २०२४ मध्ये हाँगकाँगनं काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड हे घातक रसायन सापडल्याचं जाहीर केलं तेव्हा तर माझ्याकडे रांगच लागली. बातम्या खऱ्याच होत्या. पंचाईत एवढीच, की वहीत सगळ्यांना सारखेच गुण होते. ब्रोमेट आणि नसलेला मायक्रोवेव्ह एकाच ओळीत.

पुढच्या भेटीत मी तिला म्हटलं, ज्यांनी तुमची झोप उडवली ते व्हिडिओ मला दाखवा. तिनं एकामागून एक लावले. मी फक्त शेवटाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

"शेवटी काय आलं?"

"कूपन कोड." दुसरा लावला. "इथं पण." तिसऱ्याला ती स्वतःच म्हणाली, "हा तेल विकतोय."

तेवढ्यानं भीती जाईल असं मला वाटलं नव्हतं, गेलीही नाही. पण भीतीच्या मागे दुकान आहे, हे तिनं स्वतः पाहिलं. मी सांगितलं असतं तर ती मान डोलावून घरी गेली असती.

खरी गाठ दुसरीकडे होती. "चांगली आई असते तर एवढं तरी केलं असतं," हे वाक्य ती दर भेटीत वेगवेगळ्या शब्दांत बोलायची. तिच्या लेखी विष शून्यावर आलं तरच ती आई म्हणून पास. मी तिला बांगलादेशातल्या हळदीची गोष्ट सांगितली. तिथं हळकुंडं पिवळीजर्द दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, चोळला जायचा. २०१९ मध्ये संशोधकांनी ते उघड केलं, सरकारनं बाजारात धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सावध केलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"सरकारनं."

"तिथल्या आया त्याआधी नापास होत्या का?"

ती काही बोलली नाही. पण 'चांगली आई' हे पालुपद त्यानंतर कमी झालं.

आता त्या भेटीबद्दल, जिची आठवण मला अजून सुखावते. येताना तिच्या पिशवीत शिवायला आलेलं लाल कापड होतं. मी विचारलं, "नवीन कापड आलं की चांगलं-वाईट कसं ओळखता?"

तिचा आवाजच बदलला. "कोपरा ओला करायचा आणि पांढऱ्या अस्तराच्या तुकड्यावर दाबून घासायचा. लाल, काळा, जांभळा असला तर घासायचाच. रंग उतरला की गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. सुती असलं तर रात्रभर भिजत टाकायचं, नाहीतर शिवल्यावर आटतं आणि मग बाई माझ्या नावानं बोंब मारते."

"आणि पांढरं टेरीकॉट आलं तर?"

"त्याला काय बघायचं? सरळ कात्री लावायची."

"म्हणजे प्रत्येक कापड तपासत नाही तुम्ही?"

"तसं केलं तर दिवसाला एक ब्लाउज व्हायचा, मॅडम. कुठं रंग जाणार ते माहीत असतं. तिथं बघायचं."

मी गप्प बसले. योग्य वेळी गप्प बसणं एवढी एक गोष्ट मला बरी जमते असं मी म्हणेन. ती कापडाची घडी घालत, मोडत राहिली. मग म्हणाली, "खाण्यापिण्याचं पण तसंच करायचं का? कुठं रंग जाणार ते बघायचं?"

मग आम्ही वही उघडली. प्रश्न तिनंच ठरवले: हे रोज होतं का? ते थेट पोटात किंवा नाकात जातं का? आणि टाळायला पैसे लागतात का? सफरचंद वर्षातून चारदा येतं, खोडलं. मायक्रोवेव्ह खोडला. डासांची कॉइल रोज रात्री, बंद खोलीत, पोराच्या उशाशी. तिथं तिनं खाली दोन रेघा ओढल्या. असं करता करता पेन थांबलं.

"मॅडम, ह्यांचे कामाचे कपडे वहीत नाहीत."

तिचा नवरा संतोष ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या खोलून दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला. जुन्या प्लेटा काढायच्या, शिसं वितळवून टर्मिनल ओतायचं. त्याच्या पँटला ठिगळं वैशालीच लावते. ॲसिडचा शिंतोडा उडाला की लगेच काही दिसत नाही, कपडा धुतला की बारीक बारीक भोकं उघडी पडतात, हे तिनं मला हातानं दाखवत सांगितलं. ठिगळ लावताना खिसा उलटा केला की शिवणीत राखाडी पूड सापडते, ती पूड वैशाली झटकून टाकते. मशीनपाशी. जिथं पोरगा खाली बसून चिंध्यांशी खेळतो आणि चिंध्या तोंडात घालतो.

हे एकाही रीलवाल्यानं तिला सांगितलं नव्हतं. कसं सांगेल? त्यावर विकण्यासारखं काही नाही.

शिशाच्या बाबतीत सुरक्षित पातळी अशी सापडलेलीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांमागे साधारण एकाच्या रक्तात शिसं डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असल्याचा अंदाज आहे, आणि जुन्या बॅटऱ्यांची उघड्यावरची मोडतोड हे त्याचं एक मोठं कारण. आणखी एक गोष्ट मी तिला जपून, पण सांगितली: ज्या मुलाच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचं शरीर शिसं जास्त शोषून घेतं. म्हणजे पालेभाजी आणि दूध बंद ठेवणं हे विष टाळणं नव्हतं. ती रडली नाही. "मग आज संध्याकाळपासून दूध चालू," एवढंच म्हणाली. तिची भीती खोटी नव्हती, तिचा पत्ता चुकला होता, असं मी त्या दिवशी टिपणात लिहून ठेवलंय.

भिशीचे पैसे शेवटी रक्ततपासणीवर गेले. बालरोगतज्ज्ञांनी पाठवलेल्या तपासणीत मुलाचं शिसं सातच्या आसपास निघालं. पाच किंवा त्याहून वर आढळलं की मूळ शोधून बंद करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन आहे. शिशासाठी वेगळं औषध लागलं नाही, मूळ बंद करणं हाच उपचार. हिमोग्लोबिन कमी होतं म्हणून लोहाचं औषध सुरू झालं. संतोषचा आकडा मात्र बराच मोठा होता. त्याच्या पोटात वर्षभर कळा येत होत्या आणि तो ॲसिडिटी समजून गोळ्या खात होता.

तो माझ्याकडे आला तो फुणफुणतच. "म्हणजे मीच विष आणतो होय घरी?"

"तुम्ही पगार आणता," मी म्हटलं. "पूड अंगाला चिकटून येते. तिला दुकानातच सोडायचं." मग विचारलं, "तंबाखू खाता?"

त्यानं तळहात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. दिवसभर शिसं हाताळायचं, त्याच तळव्यावर चुना-तंबाखू मळायची, आणि चिमूट ओठात. मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. तंबाखू सुटली असं मात्र म्हणणार नाही. ती वेगळी लढाई आहे.

पुढे जे केलं त्याला जवळपास खर्च नव्हता. कामाचे कपडे आणि चपला दुकानातच, घरी यायला वेगळा जोड. डबा खायच्या आधी साबणानं हात कोपरापर्यंत. अंघोळ झाल्याशिवाय पोराला उचलायचं नाही. कामाचे कपडे वेगळ्या बादलीत. घरात कोरडा झाडू मारून धूळ उडवायची नाही, आधी ओल्या फडक्यानं पुसायचं.

बाकीची वहीही आम्ही तशीच निकालात काढली, आणि मला वाटतं बऱ्याच घरांना तीच लागू पडेल. कॉइल बंद. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं आढळलं होतं. वैशालीनं मच्छरदाणीचं कापड आणून खिडकीला जाळी स्वतःच शिवली. सासूबाईंच्या उदबत्तीवर वाद घालायचा नाही असं मी बजावलं होतं. उदबत्ती तुळशीपाशी, दारं उघडी ठेवून, इतकं त्यांनी आपणहून मान्य केलं. मोबदल्यात माळ्यावरची त्यांची लोखंडी कढई खाली आली आणि पालेभाजी तिच्यात व्हायला लागली. याचा त्यांना झालेला आनंद काही लपत नव्हता.

भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवायची. सफरचंदासारखं फळ खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवलं तर सालीवरची काही कीटकनाशकं चांगली निघतात, हे अमेरिकेत २०१७ मध्ये करून पाहिलंय. 'व्हेजी वॉश'च्या बाटलीची गरज नाही. सालीच्या आत मुरलेलं कशानंच निघत नाही, पण म्हणून भाजी सोडायची नाही. सुटी हळद डोळे दिपतील इतकी पिवळी असेल तर घेऊ नका, परवाना क्रमांक छापलेलं पाकीट घ्या. शंका आली तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. गरम चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत आणायचा नाही, घरची किटली न्यायची. वडापाव, भजी वर्तमानपत्रात बांधून घ्यायची नाहीत, छपाईची शाई तेलात उतरते. डबा पुढे करायचा. बाळाच्या डोळ्यांत बाजारचा सुरमा नको. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे बाळाला तसेच घालू नयेत, काही बाळांच्या रक्तपेशी त्यानं फुटतात. ब्यूटी पार्लरमध्ये मिळणारी बिनलेबलची गोरं करणारी क्रीम घेऊच नका: २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये अशा क्रीममधल्या पाऱ्यानं लोकांच्या किडन्या बिघडल्या.

आणि संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो तिथल्या तिथे छातीत जातो. हे वैशालीच्या वहीत नव्हतं, पण ती दर रविवारी करत होती.

काही महिन्यांनी मुलाची तपासणी पुन्हा झाली तेव्हा आकडा पाचच्या खाली होता, वजनही हललं होतं. संतोषचा हळूहळू उतरतोय. मोठ्या माणसाच्या हाडांत साठलेलं शिसं सावकाश निघतं.

तुमच्या घरात कुणी बॅटरी, डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) काम, जुना रंग खरवडणं, शिसं ओतणं यातलं काही करत असेल, तर मुलाला डॉक्टरांकडे नेताना ते आपण होऊन सांगा. वडील काय काम करतात हे प्रत्येक डॉक्टर विचारतोच असं नाही.