लाईन गेली, नेट गेलं, तरी जिनिंगच्या काट्यावरची एकही नोंद हरवू नये यासाठी काय करावं?

राळेगावकडच्या जिनिंगमध्ये तुमचं सॉफ्टवेअर वजनाची नोंद थेट दूरच्या सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकतं, आणि अधूनमधून नोंदी गायब होतात. घोळ त्या 'थेट'मध्येच आहे.

नोंद आधी काट्याच्याच पीसीवर, एसक्यूलाइट या छोट्या, फाइलमधल्या डेटाबेसमध्ये उतरवा. त्याचा जर्नल मोड वॉल (WAL, बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिणं) आणि सिंक्रोनस फुल (प्रत्येक कमिट, म्हणजे पक्की केलेली नोंद, डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं) ठेवा. वॉलसोबत सिंक्रोनस नॉर्मल ठेवा, असं बरेच जण सांगतील. पण नॉर्मलमध्ये लाईन गेली तर फाइल शाबूत राहते आणि शेवटचे काही कमिट उडू शकतात; तुमचं दुखणं नेमकं तेच. गाड्या काही मिनिटांनी एक येतात, तिथं मिलिसेकंद वाचवून करायचं काय? बिझी टाइमआउट (डेटाबेस मोकळा व्हायची वाट पाहण्याची मुदत) ५००० मिलिसेकंद द्या. तो मुळात शून्य असतो, म्हणून दुसरा प्रोग्राम लिहीत असला की 'डेटाबेस इज लॉक्ड' येतं, आणि कोडनं ती एरर गिळली की नोंद गेलीच. पावती कमिटनंतरच छापा. कास्तकाराच्या हातात पावती आणि डेटाबेसात नोंद नाही, तर चुकाऱ्याच्या दिवशी भांडण ठरलेलं.

न गेलेल्या ओळी सर्व्हरला पाठवायला वेगळा प्रोग्राम ठेवा. इथं फसगत उलटी होते: सर्व्हरनं कमिट केलं, पण उत्तर यायच्या आत नेट गेलं. मग तीच ओळ पुन्हा जाते आणि एका गाडीचा कापूस दोनदा चढतो. काटा क्रमांक आणि पावती क्रमांक मिळून युनिक की (दोनदा येऊ न शकणारी ओळख) करा, इन्सर्टला 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' लावा, म्हणजे तीच की आधी असेल तर ओळ पुन्हा चढत नाही (पोस्टग्रेस ९.५ पासून आहे). वजनाची दुरुस्ती मात्र नव्या क्रमांकाच्या ओळीत टाका. डू नथिंग बदललेला आकडा चुपचाप सोडून देतं. सर्व्हरचं उत्तर आल्यावर 'गेली' अशी खूण करा, ओळ पुसू नका. क्रम वेळेनं लावू नका, मदरबोर्डचा सेल संपला की घड्याळ मागे जातं. रोज संध्याकाळी पावत्यांची संख्या आणि क्विंटलची बेरीज दोन्हीकडे जुळवा.

बॅकअपला नुसती डीबी फाइल पेन ड्राइव्हवर ओढू नका, ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्ये असू शकतात. एसक्यूलाइटची 'व्हॅक्यूम इन्टू' ही आज्ञा वापरा, ती डेटाबेसची पूर्ण प्रत काढते.

टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम बंद करून पाहणं ही चाचणी नव्हे. विंडोजच्या मेमरीतलं लिखाण नंतर डिस्कवर उतरतंच. हंगामाआधी, खोट्या नोंदी चालू असताना, यूपीएस बाजूला ठेवून पीसीची पिन उपटा. पाच-दहा वेळा. सेटिंग बरोबर असूनही शेवटची छापलेली पावती डेटाबेसात सापडली नाही, तर डिस्क लिहिल्याचं खोटं सांगते आहे, ती बदला.