वाहनविचार : पाऊण कोटीची गाडी आणि कोटेशनचा कागद

प्रश्न : मी कोल्हापुरात वैद्यकीय व्यवसाय करतो. गेली आठ वर्षे वापरत असलेली सेडान बदलून ७५ लाख रुपये एक्स-शोरूम (म्हणजे मोटार वाहन कर आणि विमा वगळता) किमतीची पेट्रोल एसयूव्ही घेण्याचे ठरवले आहे. शोरूमने दोन लाखांची सूट देऊ केली आहे. मात्र विमा त्यांच्यामार्फतच काढावा लागेल आणि ॲक्सेसरीजचा संचही घ्यावा लागेल, अशी अट घातली आहे. जुन्या गाडीवर मी एकदाही क्लेम घेतलेला नाही, आणि ती एक्स्चेंजमध्ये देण्याचा विचार आहे. कोटेशनची प्रत सोबत पाठवत आहे. आणखी किती भाव करता येईल? आणि एवढ्या महागड्या गाडीसाठी घासाघीस करणे बरे दिसेल का?
— एक डॉक्टर, कोल्हापूर

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण निम्मे पैसे तिथेच जातात. बारा लाखांची गाडी घेणारा मनुष्य रबरी मॅटही फुकट मागून घेतो आणि पाऊण कोटी मोजणारा मात्र संकोचतो, हे शोरूमच्या मंडळींना पुरेपूर ठाऊक असते. उत्तम कॉफी, मऊ सोफा आणि व्यवस्थापकांची आपुलकी यांमुळे तो संकोच आणखी वाढतो. समोर बसलेला विक्री प्रतिनिधी रोज भाव करतो, तेच त्याचे काम आहे. आपण भाव केलात म्हणून त्याला वाईट वाटणार नाही.

आता कोटेशनकडे येऊ. एक्स-शोरूम किंमत ७५,००,०००, सूट २,००,०००, मोटार वाहन कर ९,७५,०००, टीसीएस ७५,०००, विमा ३,४०,०००, ॲक्सेसरीज १,८५,०००, सिरॅमिक कोटिंग ६५,०००, 'हँडलिंग आणि लॉजिस्टिक्स' २५,०००. यातील सर्वांत बोलका आकडा टीसीएसचा आहे. दहा लाखांहून अधिक किमतीच्या वाहनावर विक्रेत्याने ग्राहकाकडून विक्रीमूल्याच्या एक टक्का रक्कम आयकरापोटी जमा करायची असते. सूट खरोखर इन्व्हॉइसवर दिली जाणार असती, तर विक्रीमूल्य ७३ लाख झाले असते आणि टीसीएस ७३,००० आला असता. तो ७५,००० दाखवला आहे, याचा अर्थ इन्व्हॉइस पूर्ण किमतीचे निघणार असून सूट दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने, बहुधा ॲक्सेसरीजच्या बिलातून, आपल्यापर्यंत पोहोचणार आहे. म्हणून पहिली मागणी अशी करा की जी काही सूट असेल ती इन्व्हॉइसवर, जीएसटीच्या आधी वजा झालेली दिसली पाहिजे. विक्रीच्या वेळीच इन्व्हॉइसमध्ये दाखवलेली सूट करपात्र मूल्यातून वगळण्याची तरतूद जीएसटी कायद्यात आहे, त्यामुळे 'सिस्टीममध्ये तसे करता येत नाही' हे उत्तर मान्य करू नका. टीसीएसची रक्कम मात्र बुडत नाही; ती आपल्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना करातून वळती करून घेता येते. अनेक जण तिला गाडीचा खर्च समजून सोडून देतात.

कराच्या ओळीवर वाद घालण्यासारखे काही नाही. वैयक्तिक नावावरच्या वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात तेरा टक्के आणि डिझेल गाडीला पंधरा टक्के एकरकमी कर आहे, आणि आपल्या कागदावरचा हिशेब त्याप्रमाणे बरोबर आहे. त्याखालच्या ओळी मात्र नीट वाचा. ॲक्सेसरीज, कोटिंग आणि हँडलिंग यांची बेरीज २,७५,००० होते, म्हणजे विम्याला हात लावण्यापूर्वीच दिलेल्या सुटीपेक्षा ७५,००० रुपये जास्त परत घेतले गेले आहेत. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

'हँडलिंग आणि लॉजिस्टिक्स' ही ओळ पूर्णपणे खोडायला सांगा. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा आणि ती धुऊन-पुसून आपल्या हाती देण्याचा खर्च विक्रीच्या किमतीतच धरलेला असतो. तो वेगळा मागायला कोणताही आधार नाही. मी स्वतः गाडी घेतली तेव्हा याच नावाखाली पंधरा हजार लावले होते. हे कोणत्या नियमानुसार, ते लेखी द्या, एवढेच मी म्हटले आणि दहा मिनिटांत नवा कागद आला, त्यात ती ओळ नव्हती. सिरॅमिक कोटिंग हवेच असेल तर बाहेर चांगल्या कारागिराकडे भाव विचारा आणि मगच ठरवा. ॲक्सेसरीजच्या संचात पायपुसण्या, दारांच्या उंबऱ्यावरच्या चकचकीत पट्ट्या आणि छत्री अशा वस्तू असतात. त्यांतील खरोखर लागणाऱ्या दोन-तीन निवडून बाकीचा संच नाकारा.

विम्याची अट हा कोटेशनचा कळीचा भाग आहे. विमा कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे आणि शोरूम त्याची सक्ती करू शकत नाही. नव्या खासगी मोटारीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो; १५०० सीसीवरील इंजिनासाठी २०२२ साली ठरलेल्या दराने तो २४,५९६ रुपये अधिक जीएसटी एवढाच आहे आणि सर्व कंपन्यांचा दर सारखाच असतो. याचा अर्थ ३,४०,००० मधला बहुतेक भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा आणि त्यावरच्या जोडसंरक्षणांचा (ॲड-ऑन) आहे, आणि त्याचे दर कंपनीगणिक वेगळे असतात. दोन विमा कंपन्यांकडून थेट दर मागवा. फक्त तुलना करताना विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, सारखे धरा. नव्या गाडीचे ते एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के, आपल्या बाबतीत ७१,२५,०००, असते. कागदावरचा हप्ता स्वस्त दिसावा म्हणून ते खाली ओढले जाते, आणि गाडी चोरीला गेली किंवा पुरात बुडाली की त्याची किंमत कळते. शून्य घसारा (सुट्या भागांची झीज न कापता भरपाई), इंजिन संरक्षण आणि पूर्ण इन्व्हॉइस परतावा (गाडी पूर्ण गेल्यास खरेदीच्या किमतीएवढी भरपाई) ही जोडसंरक्षणे या किमतीच्या गाडीला घ्यावीतच. पंचगंगेचा पूर पाहिलेल्या माणसाला इंजिन संरक्षणाचे महत्त्व मी सांगायला नको.

त्यातून आपल्या कागदावर नो क्लेम बोनस कुठेच दिसत नाही, हे मला सर्वांत खटकले. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग पाच वर्षे क्लेम नसल्यास तो ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो, आणि जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घेऊन तो नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यातून वजा करून घेता येतो. आपण आठ वर्षांत क्लेम घेतलेला नाही. म्हणजे विम्याच्या सर्वांत मोठ्या भागावर निम्मी सवलत आपली हक्काची आहे. ती शोरूमने विचारलीही नाही, यावरून त्यांचा विम्याबाबतचा आग्रह कोणासाठी आहे ते समजून घ्यावे.

जुन्या गाडीचा विषय नव्या गाडीचा भाव पक्का होईपर्यंत काढूच नका. दोन्ही व्यवहार एकत्र आले की एकीकडे वाढवून दिलेले पन्नास हजार दुसरीकडे कमी करता येतात आणि आपल्या लक्षातही येत नाही. आधी जुन्या गाड्या घेणाऱ्या दोन-तीन ठिकाणी ती दाखवून लेखी भाव घ्या, मग शोरूमला विचारा. गाडी शेवटी कोणालाही दिलीत तरी हस्तांतराची आरटीओतील नोंद पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करा, कारण नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

किती कमी करून मिळेल, याचा एक आकडा देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तीन महिने प्रतीक्षा असलेल्या गाडीवर पन्नास हजारही सुटत नाहीत, आणि नवी आवृत्ती येऊ घातलेली गाडी गोदामात उभी असेल तर कित्येक लाख सुटतात. म्हणून कोल्हापूर आणि पुण्याच्या दोन शोरूमकडून एकाच रंगाच्या, एकाच प्रकारच्या गाडीचे लेखी कोटेशन मागवा. पुण्यातून गाडी घेतली तरी नोंदणी कोल्हापुरात करता येते. त्यानंतर सूट किती, हा प्रश्न बाजूला ठेवून एकच विचारा : माझ्या हातात किल्ली पडेपर्यंत मला एकूण किती रुपये द्यावे लागतील? ती रक्कम, चॅसी क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि बुकिंग रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट, एवढे बुकिंगच्या अर्जावर लिहून शिक्क्यासह घ्या. तोंडी 'बघून घेऊ साहेब' याला डिलिव्हरीच्या दिवशी काही अर्थ उरत नाही.

प्रश्न : मला मर्सिडीजची एसयूव्ही घ्यायची आहे. नाशिकमध्ये सांगतात की किंमत सगळीकडे एकच, भाव होणार नाही. गाडी चाकणला बनते, तर पुण्यात ती स्वस्त मिळणार नाही का?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : नाशिकमध्ये सांगितले ते खरे आहे. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात थेट विक्रीची पद्धत आणली. गाड्यांचा साठा कंपनीचा, इन्व्हॉइस कंपनीचे, आणि शोरूम केवळ कमिशनवर काम करते. त्यामुळे एक्स-शोरूम किमतीत सूट देणे शोरूमच्या हातातच नसते. चाकण जवळ असल्याचाही उपयोग नाही. ऑडीच्या एसयूव्ही छत्रपती संभाजीनगरमध्ये जुळवल्या जातात, म्हणून तिथल्या ग्राहकाला त्या स्वस्त मिळतात असे नाही. ऑन-रोड किमतीत फरक पडतो तो राज्याच्या कराने, आणि त्यासाठी पुदुच्चेरीचा पत्ता दाखवून नोंदणी करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दुसऱ्या राज्यातील गाडी इथे बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर नोंदणी बदलून इथला कर भरावाच लागतो, आणि खोट्या पत्त्याचे प्रकरण वेगळे मागे लागते.

तरीही भाव करायला जागा उरतेच. कंपनीची त्या महिन्याची योजना, जुन्या गाडीची किंमत, विमा, ॲक्सेसरीज, देखभाल पॅकेज आणि कर्जाचा व्याजदर या सर्व ठिकाणी वरील उत्तरातली पद्धत जशीच्या तशी लागू पडते. कर्जाबाबत एक सावधगिरी बाळगा. कमी हप्त्याच्या आकर्षक योजनांमध्ये मोठी रक्कम शेवटच्या हप्त्यासाठी राखून ठेवलेली असते. मासिक हप्ता किती, हे विचारण्याऐवजी आपल्या बँकेकडून आधी कर्ज मंजूर करून घ्या आणि बँकेच्या आणि शोरूमच्या कर्जात शेवटपर्यंत एकूण किती रक्कम भरावी लागते ते समोरासमोर मांडा. द्राक्षाचे पैसे हंगामात एकदम येतात, तेव्हा मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड किती लागतो हेही आजच लिहून घ्या.

प्रश्न : पितृपक्षात बुकिंग केले तर गाडी स्वस्त मिळते, असे ऐकले. त्यात तथ्य आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांना ग्राहक स्वतःहून रांग लावतात, मग शोरूमने भाव का कमी करावा? पितृपक्षात मात्र विक्रीचे उद्दिष्ट तसेच असते आणि माणसे येत नाहीत. आपणास किंवा घरातील वडीलधाऱ्यांना तो काळ वर्ज्य वाटत असेल, तर भाव आणि चॅसी क्रमांक त्या पंधरवड्यात लेखी पक्का करून डिलिव्हरी दसऱ्याला घ्यावी. शोरूमला उद्दिष्ट मिळते आणि आपल्या घरात कोणी नाराज होत नाही. महिनाअखेर आणि मार्चअखेर हेही ग्राहकाच्या बाजूचे दिवस आहेत.

डिसेंबरचे गणित थोडे वेगळे आहे. सूट मोठी दिसते, पण वर्ष उलटले की तीच गाडी कागदोपत्री एक वर्ष जुनी होते आणि पुढे विकताना तो फटका बसतो. पाच-सहा वर्षे गाडी ठेवणार असाल तर घ्यायला हरकत नाही. दोन-तीन वर्षांत बदलणार असाल तर मिळणारी सूट पुरेशी आहे का, हे आधी तपासा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष फॉर्म २२ वर, म्हणजे गाडीसोबत येणाऱ्या उत्पादकाच्या प्रमाणपत्रावर, असते. त्याशिवाय टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ३२२५ असे असेल तर तो टायर २०२५ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला आहे. नोव्हेंबरमधली म्हणून दाखवलेल्या गाडीचे टायर फेब्रुवारीतले निघाले, तर फॉर्म पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा एकूण कर उपकरासह ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. जुन्या किमतीशी तुलना करून 'एवढे लाख कमी केले' असे कोणी दाखवत असेल, तर ती सूट सरकारने दिलेली आहे. शोरूमची सूट त्याखाली वेगळी विचारावी.

प्रश्न : गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर फायदा होतो का?
— एक लघुउद्योजक, इचलकरंजी

उत्तर : आधी करातला फरक पाहा. ७५ लाखांच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर ९,७५,००० रुपये कर आहे. कंपनीच्या नावावर तो वीस टक्के, म्हणजे १५,००,००० होतो. प्रवासी मोटारीवरील जीएसटीची वजावट सामान्यतः मिळत नाही. आयकरात वर्षाला पंधरा टक्के घसारा मिळतो, पण आपला उद्योग मालकी स्वरूपाचा असेल तर गाडी स्वतःच्या नावावर ठेवूनही व्यवसायासाठी वापरलेल्या प्रमाणात तो घेता येतो. तेव्हा सव्वापाच लाखांचा जादा कर भरण्यापूर्वी ताळेबंद घेऊन एक तास आपल्या सनदी लेखापालांकडे बसा, आणि बुकिंगचा अर्ज त्यानंतरच भरा. एकदा इन्व्हॉइस एका नावाने निघाले की ते बदलून घेताना नाकी नऊ येतात.