डबे करता म्हणून घर रिकामं करा?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नाशिकला पाथर्डी फाट्याला फ्लॅट, नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता, ठरलेल्या मुदतीपुरतं फी घेऊन घर वापरायला देणं), मुदतीचे ५ महिने बाकी. अंबडच्या कामगारांना तुम्ही डबे करून देता, म्हणून ‘घरगुती वापराची अट मोडली, आठ दिवसांत निघा, नाहीतर कुलूप लावतो’ असं मालक तोंडी सांगून गेले.

निघू नका आणि किल्ली देऊ नका. अट खरंच मोडली असली तरी कुलूप लावायचा हक्क मालकाला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णा राम महाले खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय: ज्याचा ताबा स्थिर आहे त्याला, राहण्याचा हक्क उरला नाही असं धरलं तरी, कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढता येतं. तो वादही लायसन्सचाच होता.

आता करार काढा आणि दोन कलमं वाचा, वापराचं आणि करार मुदतीआधी रद्द करण्याचं. घरच्या गॅसवर चार-सहा डबे होत असतील तर तुमची बाजू भक्कम मांडता येईल. पण मदतीला बायका, खाली बोर्ड, जिन्यात गिऱ्हाईकं असं असेल तर मला ती कमजोर वाटते. तसं असेल तर ते आजच आवरा.

मालकांना साध्या मराठीत पत्र लिहा: नेमकी कुठली अट मोडली ते लेखी कळवा, करारातल्या नोटिशीशिवाय मी जागा सोडणार नाही. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. आणि भाडं तारखेला बँकेतूनच भरा. ‘डिपॉझिटमधून वळते करा’ असं रागाच्या भरात म्हणू नका. डब्यांचा आरोप सिद्ध करणं मालकांना अवघड आहे, थकबाकी दाखवणं अगदी सोपं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपली की तुमचा आधार जवळजवळ संपतो. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार त्यानंतर राहिलात तर फीच्या, म्हणजे करारातल्या भाड्याच्या, दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली घर खाली करून घेण्याचे अर्ज ऐकणारा अधिकारी) गेले आणि समन्स आलं, तर ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ते दिवस गेले की तुमचं ऐकूनच घेतलं जात नाही. समन्स घरात पडून राहिल्यामुळे माणसं हरतात, हे मी फार पाहिलंय. म्हणून या ५ महिन्यांत दुसरं घर शोधायला लागा. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांतल्या भाडेकरूंना याच कायद्याच्या कलम १६ चं संरक्षण असतं, म्हणजे त्यात दिलेल्या कारणांशिवाय त्यांना काढता येत नाही. त्यांचे दाखले कोणी दिले तर ते तुम्हाला लागू धरू नका.

खरंच कुलूप लावलं तर ११२ ला फोन करा, फोटो काढा, ठाण्यात लेखी तक्रार द्या. ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवलं तरी पोच घ्या आणि दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागा. वकिलाच्या खर्चाची काळजी नको. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

रद्द करण्याचं कलम शब्दशः लिहून पाठवा. नोटिशीची मुदत किती आहे ते पाहून पत्राचा मसुदा करून देतो.