एक तोळ्याची गोळी

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. ऑगस्टमध्ये अमरावतीहून अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला येताय, वर्क व्हिसावर, बायको आणि सात वर्षांची मुलगी घेऊन. नव्या ऑफिसातली मंडळी दर ऑक्टोबरात एल्कच्या, म्हणजे इथल्या सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जातात, त्यांनी तुम्हालाही बोलावलंय. काडतूस कोणतं घ्यावं, थर्टी-ऑट-सिक्स, सिक्स-फाइव्ह क्रीडमूर की थ्री हंड्रेड विन मॅग, असं विचारलंत. आणि शेवटच्या ओळीत, सहज म्हणून, तिकडे एकटं वाटतं का, हेही.

वाटतं. दोन हिवाळे जड जातात, मग अंगवळणी पडतं. त्यावर जास्त लिहीत नाही. काडतुसावर लिहिते.

मी जनावरांची डॉक्टर. मूळची फलटणची, शिक्षण परळला, आता बरीच वर्षं कोलोरॅडोच्या वायव्य टोकाला क्रेग नावाच्या गावात. या गावाला एल्क-शिकारीची राजधानी म्हणवून घ्यायला आवडतं. ऑक्टोबरात इथे पेट्रोल पंपावरसुद्धा नारिंगी जाकिटांची रांग असते. परवाना, हंगामाच्या तारखा, नारिंगी कपडा किती हवा, हे सगळं सरकारी पुस्तिकेत नीट दिलंय, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र आधी सांगते, कारण तुमचे अमेरिकन सहकारी ती सांगणार नाहीत. त्यांच्यावर ती वेळ कधी आलेलीच नसते. वर्क व्हिसावरच्या माणसाला या देशात बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. नुसतं काडतूस बाळगायलाही. मित्राची रायफल चार दिवस वापरायला घेतली तरी ती तुमच्या हातात आली असंच धरतात. या बंदीला अपवाद आहे तो कुठल्याही राज्याच्या, मुदत न संपलेल्या शिकार परवान्याचा. म्हणून आधी शिकारीचा सुरक्षा-वर्ग, मग परवाना, आणि मगच दुकान. परवान्याची मुदत संपली की घरात उरलेल्या काडतुसांचं काय करायचं, हे तिथल्या वकिलाला विचारून ठेवा. आणि शिकारीला नेलेली पिशवी भारतात येताना कधीही वापरू नका. तळाशी राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात, मग 'चुकून राहिलं' हे सांगत वर्षं जातात.

कागदांचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं सांगते. माझी पदवी माहेरच्या नावाने. पासपोर्ट सासरच्या, मधलं नाव नवऱ्याचं. सुरक्षा-वर्गाच्या कार्डावर मधलं नाव गळलं, परवान्यावर आडनावाच्या जागी तेच मधलं नाव छापून आलं. बंदुकीच्या दुकानात फॉर्म भरला तेव्हा तीन कागदांवर तीन बायका होत्या. काउंटरवरच्या माणसाने ते तिन्ही शेजारी शेजारी मांडले, मागे रांग उभी, आणि मोठ्याने विचारलं, यातल्या तुम्ही कोण? तो सभ्यपणेच विचारत होता. मला मात्र रडू आलं. त्याआधी चार वर्षं हीच तीन नावं घेऊन मी इथल्या पशुवैद्यकीय परवान्याच्या परीक्षांना हिंडले होते, प्रत्येक खिडकीवर लग्नाचा दाखला दाखवत. तुमच्या पत्नीचे सगळे कागद निघण्यापूर्वी एका नावावर आणा. रायफलीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

आता गोळी. काडतुसात चार गोष्टी असतात: पितळेचं कवच, बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. लोक भांडतात ते कवचाच्या नावावरून. जनावरापर्यंत पोचते ती फक्त गोळी, आणि तिच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही.

गोळीचं वजन इथे ग्रेनमध्ये सांगतात. पहिल्यांदा दुकानदाराने थर्टी-ऑट-सिक्सचा खोका पुढे ठेवून म्हटलं, एकशेऐंशी ग्रेन, एल्कसाठी हीच. मला काही बोध झाला नाही. घरी येऊन गणित मांडलं. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा ठरवून दिला तो बरोबर १८० ग्रेनचा, ११.६६ ग्रॅम. म्हणजे या देशात शंभर वर्षं एल्कवर जी गोळी झाडतात ती नेमकी एक तोळ्याची. त्या रात्री आईने लग्नात घातलेली अंगठी आणि ते काडतूस मी एकाच टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसले. तोळ्याचे बारा मासे, म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा. तेव्हापासून मी गोळ्या माशांत मोजते: १६५ ग्रेन म्हणजे अकरा मासे, १५० म्हणजे दहा.

एल्कचा मोठा नर तीनशे-सव्वातीनशे किलोंचा, मादी सव्वादोनशेची. आपल्या मोठ्या सांबराच्या तोलाचं धूड. कोलोरॅडोचा नियम किमान एवढंच मागतो: गोळीचा व्यास .२४ इंच, एल्कसाठी वजन ८५ ग्रेन, शंभर यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा, आणि गोळी आत जाऊन उमलणारी हवी. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. सैन्याची गोळी आरपार बारीक भोक पाडून निघून जाते. उमलणारी गोळी आत शिरताच पुढून फुलते, जवळजवळ दुप्पट रुंद होते आणि वाटेतली फुप्फुसं फाडते. डॉक्टर म्हणून सांगते, एल्क 'धक्क्याने' मरत नाही. दोन्ही फुप्फुसं गेली की रक्तदाब कोसळतो आणि अर्ध्या मिनिटात ते खाली बसतं. म्हणून पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम. खांद्याचं हाड मध्ये आलं तरी फुटून न विखुरणारी गोळी हवी.

साध्या गोळीत शिशाच्या गाभ्यावर तांब्याची पातळ साल असते. हरणाला पुरते. एल्कच्या हाडावर, विशेषतः जवळून आणि मॅग्नमच्या, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाच्या, वेगाने, ती तुकडे तुकडे होऊ शकते. जॉन नॉस्लर नावाच्या शिकाऱ्याला १९४६ मध्ये कॅनडात मूसवर, एल्कहूनही मोठ्या हरणावर, हाच अनुभव आला, आणि त्याने गोळीच्या मधोमध तांब्याची भिंत घालून 'पार्टिशन' बनवली: पुढचा भाग उमलतो, मागचा तसाच घुसत राहतो. आजही ती मिळते. त्यानंतर शिसं सालीला जोडून टाकलेल्या 'बाँडेड' गोळ्या आल्या, आणि बार्न्ससारख्या कंपन्यांच्या निव्वळ तांब्याच्या. या तिन्हींपैकी कोणतीही घ्या. कवचावर .३०-०६, म्हणजे तुमची थर्टी-ऑट-सिक्स, असो, .३०८ असो की .२७०, मला फरक पडत नाही. क्रीडमूरही चालेल, पण अंतर कमी ठेवा आणि गोळी वरच्या तीन प्रकारांतलीच घ्या.

थ्री हंड्रेड विन मॅग, म्हणजे मॅग्नम, मात्र पहिल्या वर्षी नको. याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या पहिल्या हंगामात शेजारच्या पशुपालकाने प्रेमाने त्याची मॅग्नम दिली. तोच तोळा, पण थर्टी-ऑट-सिक्सपेक्षा सेकंदाला अडीचशे-तीनशे फूट जास्त वेगाने. खांद्याला बसणारा धक्का असा की सरावाला पाचव्या बारानंतर मी चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागले. हे मला कळत होतं. सांगायची लाज वाटली, कारण बाकीचे सगळे पुरुष होते आणि मी त्यांच्यात नुकती कुठे बसू लागले होते. त्याच वर्षीचा नोव्हेंबर. ३४० यार्डांवर मादी. 'मार, तुझ्या रायफलीला एवढं काहीच नाही,' असं म्हणाले. रायफलीला नव्हतंच. मी मारली, आणि आवाजाआधी डोळे मिटले.

बर्फावर रक्त सापडलं, गडद, त्यात हिरवा अंश. ज्याने जनावर उघडलंय त्याला तो वास लगेच कळतो. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, काळपट म्हणजे यकृत, हिरवट म्हणजे पोट. पोटात लागलं की सहा-आठ तास हलायचं नसतं, ती जवळच बसते. हे मला ठाऊक असूनही मी घाईने माग काढत गेले आणि तिला पुढे पुढे हाकलत राहिले. अंधार पडला. रात्री बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शोधलं, मिळाली नाही. पोट फुटलेलं जनावर किती तास जगतं, हे त्या टोळक्यात फक्त मला माहीत होतं.

तो कार्तिकी एकादशीचा दिवस. बाबा माळकरी आहेत, त्या दिवशी पंढरपुरात होते. गर्दीतून फोन लागला, कुठे आहेस, एवढा वारा कसला येतोय? मी म्हटलं, गाय अडलीय बाबा, बाळंतपणाला आलेय.

एकटेपणावर लिहीत नाही म्हटलं होतं, पण तो इथेच आहे. त्या वर्षी नवरा ह्यूस्टनला नोकरीत, मी आणि सहा वर्षांची लेक गावात. दोन वर्षांत कुणी घरी जेवायला बोलावलं नव्हतं. शिकारीला ये म्हणाले तेव्हा मी मांसासाठी गेले नाही, बोलावलं म्हणून गेले. बोलावणं जाऊ नये म्हणून जड रायफल घेतली आणि लांबचा बार मारला. तुमच्या प्रश्नात 'ऑफिसातले सगळे' हे शब्द वाचले आणि म्हणून एवढं लिहावंसं वाटलं. जा, जरूर जा. पण तुमचं अंतर तुम्ही आधीच ठरवून जा आणि ते सर्वांना सांगून टाका. माझं आता २५० यार्ड आहे. एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, तीन-चार खोके घ्या, त्याच गोळीवर नेम बसवा, आणि टेबलावरून नाही, गुडघ्यावर बसून, धापा टाकत सराव करा. नऊ-दहा हजार फुटांवर चढून गेल्यावर श्वास टेबलासारखा स्थिर नसतो.

मुलीसाठी दोन गोष्टी. पहिली शाळेची. प्रवेशाच्या वेळी फॉर्म देतील: घरी कोणती भाषा बोलता? मी अभिमानाने मराठी लिहिलं. त्यावरून चाचणी झाली, आणि पुण्यात इंग्रजी बालवाडी करून आलेल्या माझ्या मुलीला वर्षभर रोज वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत इंग्रजी शिकायला नेलं. नेमका विज्ञानाचा तास. तसा वेगळा वर्ग नाकारायचा हक्क पालकांना असतो, हे मला दोन वर्षांनी कळलं. खोटं लिहा असं मी म्हणणार नाही. चाचणीचा निकाल लेखी मागा आणि पटला नाही तर नकार लेखी द्या. त्या वर्षी ती मला म्हणाली, आई, पुढच्या वेळी फॉर्मवर मराठी लिहू नकोस. आणि घरात इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. हे मला अजून सोसत नाही.

दुसरी, शिशाची. शिशाच्या गोळीचे कण जखमेपासून लांबवर मांसात पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या खिम्यात ते सापडले आणि तिथल्या आरोग्य खात्याने तो टाकून द्यायला सांगितलं. हे वाचलं त्या रात्री मी फ्रीझरमधली खिम्याची चार पाकिटं दवाखान्यात नेऊन एक्स-रेखाली ठेवली. दोन पाकिटांत रव्याच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके. तोच खिमा मी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घालून मुलीला भरवत होते. उरलेलं सगळं मांस फेकलं, आणि तेव्हापासून निव्वळ तांबं. तांबं हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून एक पायरी खाली उतरायचं: तोळ्याऐवजी अकरा मासे. ती सहसा तुटत नाही, वजन जवळजवळ तेवढंच राहतं. वेग सेकंदाला दोन हजार फुटांखाली गेला की नीट उमलेलच असं नाही, हेही अंतर कमी ठेवायचं एक कारण. खोका महाग पडेल. हंगामात खरा बार एकच लागतो.

मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा तिने स्वतःहून सुरक्षा-वर्ग केला. इथे मोठ्या जनावरांच्या शिकारीचं किमान वय तेच. तिच्यासाठी .३०८, तांब्याची दहा मासे, धक्का सोसवेल एवढा. पहिल्या हंगामात पहाटे झाडांत आम्ही तासभर पालथ्या पडून होतो. मादी १३० यार्डांवर आडवी उभी राहिली. लेक माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, थांबू का?" मराठीत. सहा वर्षांत घराच्या चार भिंतींत जी भाषा तिने बोलली नव्हती, ती तिथे आली. मी म्हटलं, श्वास सोड, मग. मादी चाळीस पावलं गेली आणि बसली.

तीन वर्षं झाली त्याला. शिकारीला गेलो की ती अजूनही मराठीत बोलते, गाडीत बसलो की बंद.

बाबांना यातलं काही माहीत नाही. यंदा पहिल्यांदाच ते येणार आहेत, नेमके ऑक्टोबरात, तिकीट काढून झालंय. लेकीला परवान्यांच्या सोडतीत मादीचा परवाना लागलाय, ऑक्टोबरातल्या पहिल्या हंगामाचा. खालच्या फ्रीझरमध्ये गेल्या वर्षीचं मांस निम्मं उरलंय. लेक म्हणते, आजोबांना मीच सांगते, मराठीत. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही.