स्मार्ट घड्याळ घेतल्याने चालण्याची सवय लागते का? आणि मन लावून, भानावर राहून चालणं जमतं का?

सवय लागते. मन लावून चालणं मात्र घड्याळाने येत नाही, असलं तरी मोडतं. यावरून आमच्या घरात जुना वाद आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

माझ्या दिरांना पावलांचं वेड. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज रात्री सगळ्यांचे आकडे मागायचे आणि कोण मागे पडलं ते जाहीर करायचं, हा त्यांचा नेम. एका आषाढी वारीला ते, जाऊबाई आणि मी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललो. तीसेक किलोमीटरचा, वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट. हडपसर येईपर्यंत भाऊजींचं मनगट सारखं डोळ्यांपुढे. वडकी नाल्याचा विसावा झाला, घाट लागला, तशी शेजारच्या दिंडीतल्या एका मावशींनी विचारलं, "घेता का तुळस थोडा वेळ?" माझ्या डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पितळी वृंदावन. सवय नसली की ते डुलतं, म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरावं लागतं. मागून टाळ आणि 'ज्ञानोबा माउली तुकाराम', त्या ठेक्यात पाऊल आपोआप पडतं. मान वळवायची सोय नाही, त्यामुळे खालचा मस्तानी तलावही पाहिला नाही. दिसत होत्या त्या पुढच्या बाईच्या भेगाळलेल्या टाचा आणि चिखलाने जड झालेला नऊवारीचा काठ. घाटमाथा येईपर्यंत ऑफिस, मुलांची फी, गॅसवर विसरलेलं दूध, काहीही मनात आलं नाही. भानावर राहून चालणं मी अनुभवलंय ते एवढंच.

सासवडला पिठलं-भाकरी खाता खाता भाऊजींनी सगळ्यांची घड्याळं तपासली. माझा आकडा घाटात जवळजवळ अडकून बसलेला. "वहिनी, मधेच टेम्पोत बसलात की काय?" म्हणाले, आणि लगेच ग्रुपवरही टाकलं. अजून प्रत्येक लग्नकार्यात हा टेम्पो निघतोच.

अहो, मनगटावरच्या घड्याळाला पाय दिसत नाहीत. आतला सेन्सर हाताच्या हेलकाव्यांवरून पावलं ताडतो. हात डोक्यावर धरलेला असला, बाबागाडी किंवा ट्रॉली ढकलत असलात, की पावलं बुडाली. उलट खड्ड्यांतून दुचाकी हाणली तर काही घड्याळं फुकटची पावलं देतात. भाऊजी रोज बुलेटने कात्रजहून हिंजवडीला जातात, एवढंच नमूद करते.

आणि ते दहा हजार कुणा वैद्याने सांगितलेले नाहीत. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, तो आकडा त्याच्या विक्रीसाठीचा. 2019 मध्ये अमेरिकेतल्या सरासरी 72 वर्षांच्या बायकांवरचा अभ्यास आला. त्यात दिवसाला 2700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 41 टक्क्यांनी कमी होतं, आणि साधारण 7500 नंतर फायदा वाढायचा थांबला. तेव्हा रात्री साडेअकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालून आकडा पुरा करणाऱ्यांनी झोपावं.

घड्याळ घ्याच, पण कामापुरतं. तासभर खुर्चीत बसलात की ते थरथरतं, ती सोय खरंच चांगली. चालायला निघालात की मेसेज-कॉलचे इशारे बंद करा, डायल मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवा. मग चार पावलं श्वास आत, चार बाहेर, किंवा तोंडात नाम. आकडा बघायचाच तर आठवड्यातून एकदा, आणि तो कुणालाही पाठवायचा नाही. दुसऱ्याची पावलं मोजणाऱ्याचं चालण्यात लक्ष नसतं, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलंय.

हां, हृदयाचा त्रास असेल तर किती चालायचं ते डॉक्टरांना विचारा, घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका. आणि साखर असेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालल्याने ती कमी चढते, तिथे घड्याळाची आठवण कामाला येते. सासूबाई त्या थरथरीवरच उठतात. त्यांना ते घड्याळ भाऊजींनीच आणून दिलंय, हेही लिहायला हवं.