उंबराचं फूल आणि बिनतारखेचा राजीनामा

शिक्षक मंडळी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. ‘मुलांना चार भिंतींत कोंडून शिकवणं आता जिवावर येतं. झाडाखाली, ओढ्याकाठी न्यावंसं वाटतं. पण पोर्शन राहील, पालक ओरडतील, आणि मलाच झाडापाखरांची नावं धड येत नाहीत. नोकरी सोडून स्वतःची शाळा काढू का?’ उत्तर म्हणून एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

बाई साताऱ्यातल्या एका खासगी शाळेत दुसरीचा वर्ग घेतात. पंधरा वर्षांची नोकरी. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून घडी केलेला राजीनामा काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, तारीख तेवढी घालायची राहिलीय.” कास पठाराच्या रस्त्याला शाळेसाठी दोन एकराचा तुकडा बघून ठेवला होता, कर्जाची चौकशी झाली होती, आणि त्यावरून नवऱ्याशी आठ दिवस अबोला होता.

कासच का, असं मी विचारलं. त्या भरभरून बोलल्या. तिथली फुलं: तेरडा, सीतेची आसवं, सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून त्या दर पावसाळ्यात जाताहेत. हे प्रेम खरं होतं, त्याबद्दल मला शंका नव्हती. पण दुसरीतल्या मुलाला शिकायला जागतिक वारसा लागत नाही. म्हणून विचारलं, “तुमच्या शाळेत झाड आहे?”

“मागच्या बाजूला उंबर आहे. मोठा.”

“मग मुलांना त्याच्याखाली कधी नेलंत?”

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “कुणी काही विचारलं आणि मला नाही आलं तर?”

माझ्या अनुभवात बहुतेकांची गाडी इथेच अडलेली असते, पोर्शन आणि पालक नंतर येतात. वर्गात पुस्तक आपल्या बाजूने असतं, पुढच्या पानावर काय आहे ते बाईंना ठाऊक असतं. झाडाखाली पुढचं पान कुणालाच माहीत नसतं. या बाई चौथीत असताना उत्तर चुकलं म्हणून अख्खा तास बाकावर उभ्या होत्या. ते सांगताना आजही त्यांचा हात गळ्याशी गेला. डी.एड. झालं, नोकरी लागली, पण न येण्याची लाज तशीच राहिली. दोन एकर जमीन घेऊनही ती सोबत आलीच असती.

म्हणून आम्ही राजीनामा बाजूला ठेवला आणि एका वाक्याचा सराव केला: “मला माहीत नाही, बघूया आपण.” माझ्या खोलीत, मोठ्याने. पहिल्यांदा म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. मी सातवीतल्या आगाऊ मुलासारखे प्रश्न विचारत गेले आणि त्या म्हणत गेल्या. गृहपाठ एवढाच: दर शनिवारी वीस मिनिटं, तेच झाड. आधी स्वतः जाऊन विंचूकाटा, मधमाश्यांचं पोळं बघून यायचं, आणि मुलांना दगडाच्या फटीत हात घालू द्यायचा नाही.

तिसऱ्या शनिवारी एका मुलीने विचारलं, “बाई, माझी आजी म्हणते उंबराला फूलच येत नाही. मग उंबर कुठून येतं?” आपणही क्वचित दिसणाऱ्या माणसाला उंबराचं फूल म्हणतो! बाईंच्या पोटात गोळा आला, पण वाक्य तोंडून गेलं. मुलांनी खोडालाच लगडलेलं एक हिरवं फळ काढलं, बाईंनी ते पट्टीने मधोमध कापलं. आत बारीक दाण्यांसारखी दाटी. सोमवारपर्यंत बाईंनी शोधून काढलं की ते दाणे हीच फुलं. उंबर आपली फुलं फळाच्या आत मिटून ठेवतो, आणि टोकाच्या बारीक छिद्रातून शिरणारी चिमुकली गांधीलमाशी परागीभवन करते. ज्या मुलीने विचारलं होतं ती वर्गात तोवर हजेरीपुरतीच बोलायची.

मग तक्रार आली, येणारच होती. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका वडिलांनी लिहिलं, ‘आम्ही मातीतून वर आलो. पोरांना परत मातीत घालायला फी भरतो का?’ बाई त्या दिवशी माझ्यासमोर रडल्या. मला मात्र तो राग समजत होता. ज्याने लहानपणी म्हशींमागे उन्हातान्हात दिवस काढले, त्याला बाक, फळा आणि पंखा हेच शिक्षण वाटतं. त्याला अडाणी ठरवून चालणार नाही, त्याला मूल काय शिकलं ते दिसलं पाहिजे.

त्या आठवड्यात मुलांनी उंबराचा घेर वितीने मोजला होता. कुणाच्या अठरा विती, कुणाच्या वीस, बाईंच्या तेरा. झाड एकच, मग खरं कुणाचं? त्यावर भांडण झालं, आणि भांडता भांडता एकाने कंपासमधली पट्टी काढली. सेंटिमीटर कशाला लागतो हे पुस्तकातल्या धड्याआधीच त्यांना कळलं. मी बाईंना म्हटलं, या वह्या दाखवा आणि त्या वडिलांनाच शनिवारी बोलवा. ते आले. फाटकाशी हाताची घडी घालून उभे राहिले. जाताना मुलांना एवढंच म्हणाले, “उंबर असतो तिथं खाली पाणी असतं, असं आमचे आजोबा सांगायचे.” चाचणीचे मार्क ते अजूनही विचारतात, आणि विचारावेतच.

बाईंना मी बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगितलं. डहाणूजवळच्या कोसबाडला गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. निसर्गात शिकवणं आपल्याकडे परदेशातून आलेलं नाही हे ऐकून बाईंचा चेहरा उजळला. कोसबाडच्या कामावरचं पुस्तक त्यांनी उशाशी ठेवलं आहे.

कासच्या जमिनीचा विषय मिटलेला नाही. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, रविवारी आठ-दहा मुलांचा गट घेऊन बघायचा, असं आता ठरतंय, आणि नवरा गाडी काढणार आहे. राजीनामा अजून पर्समध्येच आहे. परवा त्या सुटे पैसे शोधत होत्या तेव्हा तो बाहेर आला. मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी विचारलेले आणि अजून उत्तर न सापडलेले प्रश्न लिहिले होते, एकूण अकरा.