मुरगावला बोट लागली, उतरायचं का?

पहिलीच क्रूझ आहे ना? मग आधी घड्याळ बघा, नकाशा नंतर. बोट सुटायची वेळ आणि तुम्ही परत चढायची शेवटची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवखे इथेच गंडतात. शेवटच्या वेळेतून दीड तास वजा करा. चार तासांहून कमी उरत असतील तर लांबचे बेत सोडून द्या.

दुसरी नेहमीची चूक: ‘गोवा’ म्हटलं की कळंगुट-बागा. बोट लागते मुरगावला, वास्कोजवळ. कळंगुट तिथून चाळीसेक किलोमीटर, त्यात पणजीच्या आसपासची गर्दी. अर्धा दिवस गाडीतच जाईल.

पाच-सहा तास असतील तर जुनं गोवं किंवा मंगेशी, यांतलं एकच धरा. (माझं मत विचाराल तर मंगेशी, दुपारी गर्दी कमी असते.) दोन्हीकडे खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. तासच कमी असतील तर बोगमाळो किनारा, नाहीतर वास्कोच्या बाजारात फिरून मासळीची थाळी.

टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा, जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट. क्रूझचं कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र खिशात असू द्या, नाहीतर परतताना गेटवर अडाल.

आणि बाहेर धो-धो पाऊस किंवा सोबत दमलेले आजी-आजोबा असतील, तर बोटीवरच थांबा. रिकामा स्विमिंग पूल मिळतो, ही काही वाईट गोष्ट नाही.